प्रिंटरची ओळखपरेड

संगणकांच्या जाळ्यात शिरू पाहणाऱ्या प्रत्येक माणसाला आणि यंत्राला आपण कोण आहोत हे सिद्ध करायला लावणे, या व्यवहाराला शास्त्रीय परिभाषेत प्रमाणीकरण म्हणतात, आणि ज्या कार्यालयांत कोणी कोणाला ओळखत नाही, अशाच कार्यालयांसाठी त्यावरील बहुतेक ग्रंथ लिहिलेले आहेत. गोंदिया जिल्ह्याची अडचण नेमकी उलट आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत, मग ते गोंदिया-तिरोडा असोत वा देवरी-सालेकसा, कार्यालयाच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाचे गाव, आडनाव, सासुरवाड आणि यंदा त्याच्या बांधीत धान कितपत झाले, एवढा तपशील तो खुर्चीवर टेकण्यापूर्वी निम्म्या कर्मचाऱ्यांना ठाऊक असतो. त्यातही कार्यालयातील सर्वांत परिचित असामी म्हणजे प्रिंटर. कोणत्या ट्रेमध्ये कागद तिरका जातो, कोणत्या बाजूला हलकी चापट दिली असता तो शुद्धीवर येतो आणि पावसाळ्यात ओलसर कागद घातला तर तो एका वेळी किती पाने ओढतो, हे शिपायापासून साहेबांपर्यंत सर्वांना पाठ असते. अशा सर्वज्ञात असामीला एके दिवशी भिंतीवरच्या डब्याने ‘तू कोण?’ असे विचारावे आणि तिला उत्तर देता येऊ नये, या घटनेचे स्वरूप, कारणे व उपाय यांचा विचार येथे कर्तव्य आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी अशा कार्यालयांतील प्रिंटरांचे दोन वर्ग मानता येतात. पहिला वर्ग छोट्या, काळी छपाई करणाऱ्या लेसर प्रिंटरांचा असून कॅननचा एलबीपी २९०० आणि एचपीचा लेसरजेट १०२० हे त्याचे आदर्श प्रतिनिधी होत. या यंत्रांना जाळ्याची तार लावायला जागाच नाही. यूएसबीच्या तारेने ती एकाच संगणकाला बांधलेली असतात आणि तो संगणक विंडोजमधील ‘शेअर’ या सोयीने आपला प्रिंटर इतरांना वापरू देतो. याचा अर्थ असा की, या वर्गातील प्रिंटरला जाळ्यावर स्वतःची ओळख नसतेच, तर ज्याच्या टेबलावर तो बसला आहे त्याच्या ओळखीवर तो दिवस काढतो, आणि ते टेबल बहुधा बडे बाबूंचे असते. बडे बाबू म्हणजे विदर्भातील कार्यालयांचा ज्येष्ठ कारकून. गोल शिक्का, कपाटाची किल्ली, आवक-जावक नोंदवही आणि मागच्या साहेबांच्या काळात कोणती फाइल कुठे बसली याची स्मृती ज्याच्या ताब्यात असते, त्याच्याच ताब्यात प्रिंटरही जावा, हे कोणी ठरवलेले नसून आपोआप घडत आलेले आहे. जे जपायचे ते एका भरवशाच्या माणसाकडे सोपवावे, हा येथील सुरक्षेचा मूळ सिद्धान्त आहे. संगणकशास्त्राला तो मुळीच मान्य नाही. परंतु संगणकशास्त्राने दिलेला प्रत्येक पर्याय काही महिन्यांत फिरून बडे बाबूंच्याच टेबलापाशी कसा येतो, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

या सिद्धान्ताची कसोटी दिवाळीनंतर लागते. झाडीपट्टी म्हणवल्या जाणाऱ्या या भागात त्या सुमारास गावोगावी मंडई भरते, म्हणजे दिवसा बाजार, घरोघरी लेकी-जावयांसह पाहुणे आणि रात्री उजाडेपर्यंत नाटक, असा जो सोहळा असतो, त्याला आपल्या गावी हजर न राहणे हे कोणत्याही बाबूला शोभत नाही. खरीप धानाच्या सरकारी खरेदीची लगबगही नेमकी याच काळातली, आणि नोंदणीसाठी सातबारा, आधार व बँकेच्या पासबुकाची प्रत लागत असल्यामुळे प्रिंटरवर वर्षातला सर्वाधिक भार तेव्हाच पडतो. बडे बाबू सडक अर्जुनीच्या बाजूला कुठेतरी मंडईत असतात, त्यांचा संगणक बंद असतो, तो सुरू करायचा पासवर्ड त्यांच्या डोक्यात असतो आणि त्यांच्या मोबाइलला रेंज नसते. सीमेलगतच्या गावात असतील तर रेंज असते, पण ती शेजारच्या राज्याच्या टॉवरची. अशा वेळी ‘प्रिंट निघून नाही रायली जी’ हे वाक्य दिवसभर कार्यालयात ऐकू येते आणि ते अचूकही असते, कारण यंत्रात काहीच बिघडलेले नसते. त्याच्या वतीने साक्ष देणारा माणूस तेवढा हजर नसतो.

बाबू हजर असूनही प्रिंट न निघण्याचा युगप्रवर्तक प्रसंग २०२१ साली आला. त्या वर्षीच्या जुलैमध्ये विंडोजच्या छपाईव्यवस्थेतील एक गंभीर दोष ‘प्रिंटनाइटमेअर’ या नावाने जगभर गाजला. छपाईची रांग सांभाळणाऱ्या स्पूलर नावाच्या कार्यक्रमातून शिरून परक्याला सबंध संगणक ताब्यात घेता येत असे, आणि तो दोष बुजवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने घाईने दुरुस्त्या पाठवल्या. त्याच सुमारास दुसरीही एक दुरुस्ती टप्प्याटप्प्याने येत होती, जिच्यामुळे शेअर केलेल्या प्रिंटरकडे पाने धाडणाऱ्या संगणकाने आपली ओळख अधिक कडक रीतीने पटवणे आणि सर्व संभाषण कूटबद्ध करणे, म्हणजे तिसऱ्याला वाचता येणार नाही अशा रूपात बदलणे, आवश्यक ठरले. सप्टेंबर २०२१ मध्ये ही सक्ती लागू झाली आणि ज्या कार्यालयांत एक संगणक अद्ययावत तर दुसरा दोन वर्षांपूर्वीच्या अवस्थेत असा संसार चालू होता, तेथे ०x०००००११बी असा आकडा पडद्यावर उमटू लागला. मधले चिन्ह गुणाकाराचे नसून सोळा अंकांच्या गणनपद्धतीची खूण आहे, हे येथे सांगून ठेवणे योग्य होईल. कारण या आकड्याचा गुणाकार काय येतो, असा प्रश्नही पडू शकतो.

या व्याधीवरचा शास्त्रोक्त उपाय म्हणजे सर्व संगणक अद्ययावत करणे. परंतु लोकप्रिय झाला तो दुसरा उपाय, ज्यात बडे बाबूंच्या संगणकातील रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगांची बखर, उघडून एका नोंदीपुढे शून्य लिहायचे असते. शून्य लिहिले की, ओळखीची वाढीव मागणी मागे घेतली जाते आणि प्रिंटर पूर्ववत धावू लागतो. जगातील निष्णात मंडळींनी अनेक महिने खपून उभारलेला बंदोबस्त एका शून्याने उठवणाऱ्या तंत्रज्ञाला कार्यालयात जो चहा मिळतो, तो सर्व संगणक अद्ययावत करणाऱ्याला कधी मिळत नाही, कारण अद्ययावत करण्याला सबंध दिवस लागतो आणि नंतर कोणाच्या तरी मराठी टंकाची अक्षरे चौकोनी दिसू लागतात.

दुसरा वर्ग मोठ्या, छापणाऱ्या, स्कॅन करणाऱ्या आणि झेरॉक्सही काढणाऱ्या बहुउद्देशीय यंत्रांचा. यांना जाळ्याची तार लागते, स्वतःचा पत्ता असतो, छोटा पडदा असतो, आणि म्हणूनच यांच्याकडून स्वतःच्या ओळखीचा पुरावाही मागता येतो. हा पुरावा मागण्याची प्रमाणित पद्धत ८०२.१एक्स या नावाने ओळखली जाते; आयईईई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ती प्रथम २००१ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात तीन पात्रे असतात आणि त्यांचे नाते तहसील कार्यालयात एकदा तरी गेलेल्या कोणालाही चटकन उमगते: पहिले पात्र अर्जदार, म्हणजे आत येऊ पाहणारा प्रिंटर, दुसरे दारावरचा शिपाई, म्हणजे ज्याच्या खाचेत तार खुपसली आहे तो स्विच, आणि तिसरे आतल्या खोलीतले साहेब, म्हणजे रेडियस नावाची बोली बोलणारा सर्व्हर. शिपायाला निर्णयाचा अधिकार नसतो. तो अर्जदाराचा कागद आत नेतो, साहेबांचा होकार किंवा नकार बाहेर आणतो आणि होकार येईपर्यंत अर्जदाराला एक शब्दही अन्य कोणाशी बोलू देत नाही. साहेब आणि शिपाई यांच्यात एक गुप्त परवलीचा शब्द ठरलेला असतो. स्विच बदलताना हा शब्द नव्या स्विचमध्ये लिहायचा राहून गेला, तर शिपाई कागद आत नेतो, साहेब मात्र शिपायालाच ओळखत नसल्यामुळे मौन पाळतात, आणि बाहेर अर्जदार आपल्याच कागदात खोट असावी असे समजून तो पुन्हापुन्हा सादर करत राहतो.

ही सर्व व्यवस्था उत्तम आहे. फक्त ती अर्जदाराला अर्ज लिहिता येतो हे गृहीत धरते. जुन्या यंत्रांपैकी अनेकांना ८०२.१एक्सची भाषाच येत नाही. त्यांच्यासाठी शास्त्राने एक पळवाट ठेवली आहे: प्रत्येक यंत्राला कारखान्यातच जो बारा अक्षरांचा मॅक क्रमांक दिलेला असतो, तो पाहूनच स्विचने त्याला आत सोडावे. ही पळवाट अंगठाबहाद्दर प्रिंटरांना मोठा आधार ठरली. तिच्यातील उणीव एवढीच की, ज्या क्रमांकावर हा सगळा विश्वास विसंबून आहे, तो प्रिंटरच्या पाठीवर चिकटवलेला असतो, शिवाय मेनूतून मागितल्यास प्रिंटर तो स्वतःच स्वच्छ छापून हातात देतो, आणि कोणत्याही लॅपटॉपला तो क्रमांक धारण करून प्रिंटरचे सोंग घेता येते. म्हणून जाणकार अशा यंत्रांना जाळ्याच्या वेगळ्या कप्प्यात ठेवण्याचा सल्ला देतात. कप्पा वेगळा झाला की बडे बाबूंच्या संगणकाला प्रिंटर दिसेनासा होतो, आणि सल्ला दुसऱ्या दिवशी मागे घेतला जातो.

प्रमाणीकरणाच्या अपयशाची कारणे शोधताना अनुभवी मंडळी पासवर्डाच्या आधी घड्याळ पाहतात, याचे नवख्यांना आश्चर्य वाटते. पण ओळखीचे आधुनिक शास्त्र जवळजवळ सगळे वेळेवर उभे आहे. मोठ्या कार्यालयांत वापरली जाणारी केर्बेरॉस ही पद्धत अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८० च्या दशकात तयार झाली. ग्रीक पुराणात पाताळाचे दार राखणाऱ्या तीन तोंडांच्या कुत्र्याचे नाव तिला दिलेले आहे, आणि त्या कुत्र्याच्या सहनशीलतेची मर्यादा विंडोजमध्ये मूळ रचनेनुसार पाच मिनिटांची आहे. दोन्ही बाजूंच्या घड्याळांत याहून अधिक अंतर पडले की तो दार उघडत नाही. ज्या कार्यालयात भिंतीवरचे घड्याळ, हजेरीचे यंत्र आणि साहेबांचे मनगट अशा तीन प्रमाणवेळा गुण्यागोविंदाने नांदतात, तेथे पाच मिनिटांसाठी अडून बसणारे हे तीनतोंडी जनावर अर्थातच अव्यवहारी ठरते. भारत सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये निर्देश काढून संगणकांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवण्यास सांगितले, तेव्हा हा प्रश्न निदान कागदावर तरी निकाली निघाला.

प्रिंटरच्या बाबतीत तो निघत नाही, कारण प्रिंटरचे घड्याळ पाच मिनिटांनी चुकत नाही, दशकांनी चुकते. आतली छोटी बटणवजा बॅटरी मेली आणि वीज गेली की, काही यंत्रे शुद्धीवर येतात तेव्हा त्यांच्या मते १ जानेवारी २००० ही तारीख असते, आणि काही तर थेट १ जानेवारी १९७० पर्यंत मागे जातात, कारण युनिक्स परंपरेतील संगणक काळाची मोजणी त्या दिवसापासून करतात. आता ८०२.१एक्सच्या कडक प्रकारात सर्व्हर आणि प्रिंटर एकमेकांना डिजिटल प्रमाणपत्र दाखवतात व त्यावर ‘केव्हापासून केव्हापर्यंत वैध’ अशा दोन तारखा असतात. गेल्या वर्षी दिलेले प्रमाणपत्र १९७० मध्ये वावरणाऱ्या प्रिंटरपुढे ठेवले, तर ते त्याच्या दृष्टीने अजून जन्मालाच आलेले नसते, आणि नियमानुसार तो ते फेटाळतो. येथे प्रिंटरला दोष देणे अन्यायाचे होईल. १ जानेवारी २००० रोजी गोंदिया जिल्ह्याचे वय अवघे आठ महिने होते, आणि १ जानेवारी १९७० रोजी तर असा जिल्हाच अस्तित्वात नव्हता. त्या तारखेस गोंदिया जिल्ह्यातील कार्यालयाच्या नावाचे कोणतेही प्रमाणपत्र संशयास्पद मानणे, ही कर्तव्यदक्षताच म्हणावी लागेल. त्याहून बिकट भाग असा की, खरी वेळ विचारण्यासाठी प्रिंटरला वेळेच्या सर्व्हरपर्यंत पोहोचावे लागते, तिथवर जाण्यासाठी जाळ्यात प्रवेश मिळावा लागतो, आणि प्रवेशासाठी खरी वेळ माहीत असावी लागते. एका दाखल्यासाठी दुसरा आणि दुसऱ्यासाठी पहिला मागितला गेल्यामुळे सेतू केंद्राच्या रांगेत दोनदा उभे राहिलेल्या नागरिकाला या चक्रात काही नवे दिसणार नाही. ते सोडवण्याचा मार्ग एकच: कोणीतरी प्रिंटरच्या पडद्यापाशी जाऊन हाताने तारीख घालणे. हे काम बडे बाबूच करतात, कारण यंत्राचा प्रशासकीय पासवर्ड त्यांच्यापाशी असतो.

पत्त्याच्या घोटाळ्याविषयी थोडक्यात सांगता येईल. जाळ्यावरील यंत्रांना पत्ते वाटणारा राउटर दर वेळी तोच पत्ता देईल असे नाही. लेसर प्रिंटर तापताना विजेचा मोठा घोट घेत असल्यामुळे त्याला यूपीएसवर ठेवत नाहीत. म्हणून वीज गेली की संगणक जागे राहतात, प्रिंटर झोपतो आणि कधीकधी उठतो तो दुसऱ्याच पत्त्यावर. अशा वेळी जुन्या पत्त्यावर तोवर एखाद्या कर्मचाऱ्याचा मोबाइल राहायला आलेला असतो आणि पाने त्याच्या दाराशी जाऊन परत फिरतात. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता राखून ठेवणे हा दोन मिनिटांचा उपाय आहे आणि तो न करणे ही सार्वत्रिक प्रथा आहे.

दुसऱ्या वर्गाच्या वरील सर्व व्याधींचे बाह्य लक्षण मात्र एकच, ते म्हणजे पडद्यावर उमटणारा ‘ऑफलाइन’ हा शब्द. सर्व्हरच्या नोंदवहीत नकार आणि त्याचे कारण व्यवस्थित लिहिलेले असते. विंडोजच्या सर्व्हरवर नाकारलेल्या प्रवेशाची नोंद ६२७३ या क्रमांकाखाली सापडते. पण ती नोंदवही जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा नागपुरात असते, आणि ‘ऑफलाइन’ सालेकशात. १९८० च्या सुमारास एमआयटीतील रिचर्ड स्टॉलमन यांना झेरॉक्सच्या एका लेसर प्रिंटरकडून एवढेच हवे होते की, कागद अडकला तर त्याने तसे वापरणाऱ्यांना कळवावे. त्यासाठी लागणारी प्रिंटरच्या कार्यक्रमाची मूळ संहिता त्यांना नाकारली गेली, आणि १९८३ साली त्यांनी जाहीर केलेल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीमागे हा राग होता, असे ते स्वतः सांगत आले आहेत. गोंदियाकडील कार्यालयांत ही चळवळ पसरली नाही याचे कारण उघड आहे: कागद अडकल्याची सूचना येथे शिपाई मोठ्याने देतो.

गोपनीय छपाईची सोयही या मोठ्या यंत्रांत असते. पाठवलेले पान लगेच न छापता प्रिंटर ते अडवून धरतो आणि पाठवणाऱ्याने यंत्रापाशी येऊन स्वतःचा पिन दिल्यावरच बाहेर सोडतो. कर्मचाऱ्यांचे गोपनीय अहवाल ट्रेमध्ये पडून राहत असल्यामुळे ज्याचा अहवाल आहे त्याच्याखेरीज सर्वांना तो आधी कळतो, या जुन्या गैरसोयीवर हा रामबाण उपाय होय. व्यवहारात साहेब स्वतः यंत्रापाशी जात नाहीत. ते पिन शिपायाला सांगतात, आणि विसरू नये म्हणून शिपाई तो प्रिंटरच्या झाकणावर, दसऱ्याच्या पूजेतील हळदकुंकवाच्या बोटांशेजारी, पेनाने लिहून ठेवतो. तो १२३४ असल्यामुळे लिहून ठेवण्याची गरज नव्हती, असे म्हणता येईल.

खरी गुंतागुंत स्कॅनची. कागद स्कॅन करून प्रिंटरने तो एखाद्या संगणकावरील फोल्डरमध्ये ठेवायचा, तर तेथे शिरण्यासाठी त्याला कोणाच्या तरी नावाने आणि पासवर्डाने जावे लागते. यंत्र बसवायला आलेला तंत्रज्ञ ‘कोणाचे नाव घालू, भाऊ?’ असे विचारतो आणि सर्वांच्या नजरा एकाच दिशेला वळतात. त्या क्षणापासून प्रिंटर बडे बाबू म्हणून वावरू लागतो. पुढे नियमाप्रमाणे बाबू आपला पासवर्ड बदलतात. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावण्याने फायद्यापेक्षा तोटाच अधिक होतो, असे अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ मध्ये सांगून ठेवले असले तरी परिपत्रक त्याआधीचे असते. प्रिंटरला हा बदल कोणी कळवत नाही. तो प्रत्येक स्कॅनगणिक जुनाच पासवर्ड घेऊन दार ठोठावतो, काही फसलेल्या प्रयत्नांनंतर सर्व्हरला घुसखोरीचा संशय येतो आणि तो बाबूंचे खाते बंद करतो. बडे बाबू सकाळी येऊन आपलाच संगणक उघडू शकत नाहीत, आणि त्यांच्या नावाने त्यांच्याच दारावर धडका देणारा तोतया त्यांच्या पाठीमागे दोन हातांवर शांतपणे तापत उभा असतो.

मेलने स्कॅन पाठवण्याचा पर्यायही असाच बाबूंच्या खासगी जीमेल खात्यावर बेतलेला असे. ३० मे २०२२ पासून गुगलने केवळ नाव आणि पासवर्ड देऊन शिरणाऱ्या अशा यंत्रांना दार बंद केल्यानंतर त्यासाठी सोळा अक्षरांचा वेगळा ‘अ‍ॅप पासवर्ड’ काढावा लागू लागला, आणि तो काढण्याआधी खात्याला दुहेरी पडताळणी लावणे भाग असल्यामुळे ओटीपी आला तो मंडईत.

तंत्रज्ञांचे या सर्वांवर एकमत आहे. प्रिंटरला कोणा माणसाचे नाव उसने न देता त्याच्यासाठी स्वतंत्र सेवाखाते उघडावे, त्याला एका फोल्डरपुरताच अधिकार द्यावा आणि त्याचा पासवर्ड मोहोरबंद लिफाफ्यात ठेवावा, अशी त्यांची शिफारस असते. ती लेखी सादर झाली की टिप्पणी तयार होते, आणि टिप्पणीवर शेरे पडतात: सदर खातेधारक कोणत्या संवर्गातील, त्याचे नियंत्रक अधिकारी कोण, लिफाफा कोणाच्या अभिरक्षेत राहील. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांना माहीत असते आणि त्यामुळे लिफाफा उघड्या अवस्थेत त्याच कपाटात जातो, ज्याची किल्ली पूर्वीपासून तेथेच आहे. मध्यंतरी बडे बाबूंना अठ्ठावन्न पूर्ण होतात. महिनाअखेरीस शाल, श्रीफळ आणि भाषणे होतात, ना-हरकत प्रमाणपत्रावर भांडार, ग्रंथालय आणि लेखा शाखा सह्या करतात. त्यांचे संगणकखाते मात्र कोणी बंद करत नाही, कारण ते बंद केले तर स्कॅन बंद पडेल, हे नव्या बाबूंना पहिल्याच दिवशी सांगण्यात आलेले असते. सेवानिवृत्त बडे बाबू आपल्या गावी उन्हाळी धानाच्या परह्याला पाणी देत असतात आणि सर्व्हरच्या नोंदवहीत ते रोज सकाळी साडेदहाच्या आत कार्यालयात दाखल होतात.